बातमी सर्वदूर जावी, वाचकाचा माग नव्हे

तालुक्याच्या गावातून बातम्यांची वेबसाइट चालवणारे पत्रकार मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. शेअरची बटणे ठेवली तर वाचकांची माहिती बाहेर जाते म्हणतात, आणि काढली तर बातमी व्हॉट्सॲपवर फिरणार कशी? त्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, आणि ‘आता बटणासाठीही वाचकाची संमती घ्यायची का?’ अशी नवी भर पडली. काहींनी धसका घेऊन सगळी बटणे काढून टाकली. काहींनी ‘आपल्या एवढ्याशा साइटला कोण विचारतो’ म्हणून जे होते ते तसेच राहू दिले.

तुम्ही बटणे जरूर ठेवा. फक्त ती अशी ठेवा, की वाचकाने स्वतः बोट टेकवेपर्यंत तो काय वाचतो आहे याची खबर तुमच्या साइटबाहेर कुणालाही जाणार नाही. याला वेगळा खर्च येत नाही. साइट सांभाळणाऱ्या मुलाचे एका दुपारचे काम आहे, पण त्याच्याकडून नेमके काय करून घ्यायचे हे तुम्हाला माहीत हवे.

दिसायला सारखी, पण बटणे दोन जातींची

पहिली जात म्हणजे साधा दुवा. बटणाचे चित्र तुमच्याच सर्व्हरवर असते आणि त्यामागे फेसबुकचा किंवा व्हॉट्सॲपचा पत्ता लिहिलेला असतो. वाचक दाबेपर्यंत काहीही घडत नाही. दाबल्यावर तो तिकडे जातो, तेही जाणूनबुजून.

दुसरी जात म्हणजे कंपनीने दिलेला तयार तुकडा, ज्याला विजेट किंवा प्लगइन म्हणतात. त्यांच्या साइटवरून कोडच्या चार ओळी उचलायच्या आणि आपल्या पानात चिकटवायच्या. फेसबुकने एप्रिल २०१० मध्ये बाहेरच्या साइटसाठी लाइकचे बटण दिले, तेव्हापासून आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक न्यूज पोर्टलने हेच केले. यात अडचण अशी, की ते बटण तुमच्या पानावर असले तरी येते कंपनीच्या सर्व्हरवरून. वाचकाने बातमी उघडताच, मथळा पुरता वाचून होण्याआधी, त्याचा ब्राउझर कंपनीकडे जाऊन येतो. जाताना त्याचा आयपी पत्ता, फोनचा आणि ब्राउझरचा प्रकार आणि तो कोणते पान पाहतो आहे हे सोबत नेतो. त्याच ब्राउझरमध्ये तो फेसबुकवर लॉगिन असेल आणि ब्राउझर तिसऱ्याची कुकी जाऊ देत असेल, तर नावानिशी ओळख पटते. सफारीने मार्च २०२० पासून आणि फायरफॉक्सने जून २०२२ पासून या कुकींना आपणहून लगाम घातला आहे. क्रोमने मात्र त्या बंद करण्याचा बेत एप्रिल २०२५ मध्ये सोडून दिला, आणि आपले बहुतेक वाचक अँड्रॉइड फोनवर क्रोममध्येच वाचतात.

‘कळले तर कळले, बातमी तर वाचतोय’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच साइटवरच्या बातम्या डोळ्यांसमोर आणाव्यात. एचआयव्ही तपासणी केंद्राचा पत्ता, गर्भपाताच्या कायद्यावरचा लेख, कर्जवसुलीला कंटाळलेल्या शेतकऱ्यांसाठीची हेल्पलाइन, एखाद्या खात्यातल्या गैरव्यवहाराची बातमी. ही शेवटची बातमी त्याच खात्यातला कारकूनही वाचत असतो. एसटी स्टँडवरच्या वाचनालयात पेपर चाळणाऱ्याच्या मागे उभे राहून त्याने कोणत्या बातमीवर किती वेळ घालवला हे कुणी टिपून ठेवत नव्हते. वाचनातली ती मोकळीक फोनवरच्या वाचकालाही मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

‘आम्ही तर तो डेटा बघतही नाही’ हा युक्तिवाद जुना आहे. जर्मनीतल्या फॅशन आयडी या कपडे विकणाऱ्या साइटच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी त्याचे उत्तर दिले. लाइकचे बटण लावणारी साइट, माहिती गोळा करून फेसबुककडे धाडण्यापुरती, फेसबुकबरोबर संयुक्तपणे जबाबदार आहे. तिने स्वतः ती माहिती पाहिली की नाही याने फरक पडत नाही. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. पण युरोपातल्या मराठी माणसांसाठी तुम्ही खास आवृत्ती किंवा वर्गणी चालवत असाल, तर तिथला कायदा तुम्हालाही लागू होऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

मेटाने बाहेरच्या साइटवरची लाइक आणि कमेंटची प्लगइन १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद करत असल्याचे जाहीर केले होते. म्हणून निर्धास्त राहू नका. बटण दिसेनासे झाले तरी त्याचा जुना कोड पानात पडून असेल, तर वाचकाचा ब्राउझर तिकडे खेटे घालतच राहतो. तो कोड शोधून काढून टाका.

आधी आपले घर तपासा

यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. संगणकावर क्रोम असला की पुरे.

१. क्रोममध्ये गुप्त विंडो उघडा, म्हणजे तुमचे स्वतःचे लॉगिन मध्ये येणार नाही.
२. एफ-१२ दाबा आणि वरच्या पट्टीत ‘नेटवर्क’ निवडा.
३. आता तुमच्या साइटवरची एखादी बातमी उघडा. कुठेही क्लिक करू नका.
४. फिल्टरच्या जागी ‘थर्ड पार्टी रिक्वेस्ट’ असा चौकोन असतो, त्यावर खूण करा. तुमच्या साइटखेरीज ब्राउझर कुठे कुठे गेला त्याची यादी दिसेल.
५. यादी कागदावर उतरवा. ‘कनेक्ट डॉट फेसबुक डॉट नेट’ किंवा ‘प्लॅटफॉर्म डॉट ट्विटर डॉट कॉम’ दिसले, तर दुसऱ्या जातीचे बटण, एम्बेड (बाहेरून आणून बसवलेली पोस्ट) किंवा पिक्सेल (माग काढणारा अदृश्य तुकडा) तुमच्या पानात आहे.
६. हेच मुखपृष्ठावर, व्हिडिओ असलेल्या बातमीवर आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या जुन्या बातमीवर करा. जुन्या बातम्यांत हमखास काहीतरी सापडते.

एवढेही नको असेल तर ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०२० मध्ये आणलेले ‘ब्लॅकलाइट’ नावाचे मोफत साधन आहे. त्यात साइटचा पत्ता टाकला की ते पाळतीच्या खुणा शोधून देते.

यादी लांबलचक निघेल आणि त्यातली बरीच नावे जाहिरातींची आणि वाचकसंख्या मोजणाऱ्या सेवांची असतील. शेअरची बटणे सुधारून ती नावे जाणार नाहीत. जाहिरातींचे उत्पन्न सोडून द्या असे मी सांगणार नाही. छोट्या साइटचा महिन्याचा खर्च त्यावरच निघतो हे मला माहीत आहे. पण शेअरच्या विजेटमधून तुम्हाला एक रुपयाही मिळत नाही. तिथे वाचकाची माहिती फुकट जाते आहे, म्हणून सुरुवात तिथून करा.

फुकट मिळणाऱ्या बटणांच्या पट्टीबद्दल

एकाच वेळी दहा-बारा बटणे लावून देणाऱ्या सेवा असतात. ‘ॲडधिस’ ही त्यातली एकेकाळची सर्वांत गाजलेली. २०१४ मध्ये प्रिन्स्टन आणि लूव्हेन इथल्या संशोधकांनी दाखवून दिले, की ही सेवा वाचकाच्या ब्राउझरला पडद्यामागे एक अदृश्य चित्र काढायला लावते आणि प्रत्येक यंत्रावर ते चित्र किंचित वेगळे उमटते या गुणावरून यंत्र ओळखते. कुकी पुसून टाकली तरी ही ओळख पुसली जात नाही. जानेवारी २०१६ मध्ये ऑरॅकलने ही कंपनी विकत घेतली आणि ३१ मे २०२३ रोजी सेवा बंद केली. तुमच्या साइटची थीम त्याआधीची असेल तर तिचा कोड अजून शिल्लक आहे का, हे वरच्या तपासणीत पाहा.

नवी पट्टी निवडताना एकच कसोटी लावा: तिची स्क्रिप्ट तुमच्या सर्व्हरवरून येते की तिच्या? तिच्या सर्व्हरवरून येत असेल तर नको. वर्डप्रेसच्या काही प्लगइनमध्ये ‘ऑफिशियल बटणे’ असा पर्याय असतो आणि तो दिसायला आकर्षक वाटतो. तो निवडू नका. ‘फक्त आयकॉन’ किंवा ‘आयकॉन आणि मजकूर’ निवडा आणि मग पुन्हा एफ-१२ दाबून खात्री करा.

बटणे लावायचे तीन मार्ग

पहिला: फोनचेच शेअर बटण. आजच्या ब्राउझरमध्ये ‘वेब शेअर’ नावाची सोय आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ती २०१७ पासून आणि आयफोनवर २०१९ पासून आहे. तुमच्या पानावर ‘शेअर करा’ असे एकच बटण ठेवायचे. वाचकाने ते दाबले की फोनची नेहमीची शेअरची पट्टी वर येते, ज्यात त्याचे स्वतःचे ॲप आणि नेहमीची माणसे असतात. त्याने बातमी भावाला पाठवली की ऑफिसच्या ग्रुपवर, हे तुमच्या साइटलाही कळत नाही. मला हा मार्ग सर्वांत आवडतो. साइट ‘एचटीटीपीएस’वर असणे मात्र आवश्यक आहे, आणि फेसबुकच्या ॲपमधून बातमी उघडली की अँड्रॉइडवर ही सोय चालत नाही. म्हणून मागे दुसरा मार्ग तयार ठेवावा लागतो.

दुसरा: साधे दुवे. प्रत्येक सेवेचा शेअर करण्यासाठीचा पत्ता ठरलेला आणि खुला आहे. त्यासाठी कुठेही नोंदणी लागत नाही.

- व्हॉट्सॲपसाठी ‘डब्ल्यूए डॉट एमई’ या पत्त्यापुढे ‘टेक्स्ट’ हा घटक आणि त्यात बातमीचा मथळा व दुवा.
- फेसबुकसाठी ‘शेअरर डॉट पीएचपी’ आणि त्यात फक्त बातमीचा दुवा. मथळा ते स्वतः उचलतात.
- टेलिग्रामसाठी ‘टी डॉट एमई’वरचा शेअरचा पत्ता, एक्ससाठी ‘इंटेंट’चा पत्ता.
- ईमेलसाठी ‘मेलटू’. वाचकाचे स्वतःचे मेल ॲप उघडते. ‘मित्राला पाठवा’ म्हणून दोघांचे ईमेल किंवा मोबाइल नंबर विचारणारा फॉर्म तुमच्या साइटवर असेल तर तो आजच काढा. ज्याने कधी तुमची साइट पाहिलीही नाही अशा माणसाचा नंबर तुम्ही साठवत आहात.
- ‘दुवा कॉपी करा’. हे बटण लोक सर्वांत कमी लावतात आणि वाचकांना ते सर्वांत जास्त उपयोगी पडते.

तिसरा: मोजणी हवीच असेल तर. जर्मनीतल्या हाइझे प्रकाशनाने २०११ मध्ये ‘दोन क्लिक’ची युक्ती काढली. आधी करडे, निर्जीव बटण दिसते. वाचकाने एकदा दाबले की खरे बटण येते, दुसऱ्यांदा दाबले की शेअर होते. वाचकांना हा फेरा नको होता. म्हणून २०१४ मध्ये त्यांनी ‘शरीफ’ नावाचा मुक्त कोड दिला. त्यात बटणे साधे दुवे असतात आणि ‘किती जणांनी शेअर केले’ हा आकडा प्रकाशनाचा सर्व्हर आणून ठेवतो. वाचकाचा ब्राउझर त्यासाठी कुठेही जात नाही. वर्डप्रेससाठी त्याचे ‘शरीफ रॅपर’ हे प्लगइन आहे.

खरे सांगायचे तर मोजणीचा आकडा तुम्हाला लागत नाही. ट्विटरने तो नोव्हेंबर २०१५ मध्येच देणे बंद केले, व्हॉट्सॲप तो कधीच देत नव्हते, आणि आपल्या बातम्या फिरतात त्या व्हॉट्सॲपवरच. बातमीखाली ‘३ शेअर’ असे दिसण्यापेक्षा काहीच न दिसलेले बरे.

बटणे मोजकी ठेवा. व्हॉट्सॲप, दुवा कॉपी करा आणि फोनचे शेअर बटण एवढ्यावर बहुतेक मराठी पोर्टलचे भागते.

मराठी पत्त्याची लांबी आणि त्यातून येणारा धोका

ही अडचण इंग्रजी साइटना नसते, त्यामुळे तिच्यावर कुणी फारसे बोलत नाही. वर्डप्रेस मथळ्यावरून बातमीचा पत्ता आपोआप बनवते, आणि मथळा मराठी असेल तर पत्ताही मराठी. ब्राउझरमध्ये तो सुरेख दिसतो. पण कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये टाकला, की टक्क्यांच्या चिन्हांची भलीमोठी माळ होते. कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे धरली जातात. ‘पाणीपुरवठा’ या एका शब्दात दहा चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात ९० अक्षरे. ‘सोलापुरात पाणीपुरवठा’ एवढ्यानेच १७२ भरतात. वर्डप्रेस मथळ्याचा हा भाग २०० अक्षरांवर तोडते, त्यामुळे तिसरा शब्द बहुधा अर्ध्यात कापला जातो.

असा पत्ता वाचकाला संशयास्पद वाटतो आणि वाचक तो दाबत नाही. मग पोर्टलवाले दुवा लहान करून देणाऱ्या मोफत सेवांकडे वळतात, आणि माग इथून सुटतो. लहान केलेला दुवा दाबणारा प्रत्येक वाचक आधी त्या सेवेच्या सर्व्हरवर जातो. तिथे त्याची नोंद होते आणि मगच तो तुमच्याकडे येतो. बटणे कितीही स्वच्छ ठेवली तरी हे भोक उरतेच. शिवाय ती सेवा बंद पडली, की तुमचे जुने दुवे मेले.

उपाय दोन. बातमी प्रकाशित करण्याआधी पत्त्याची जागा हाताने बदला आणि रोमन लिपीत तीन-चार शब्द लिहा. किंवा सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बातमीच्या क्रमांकाचा ठेवा. मथळा मराठीच राहतो, बदलतो फक्त पत्ता. जुन्या बातम्यांचे पत्ते मात्र बदलत बसू नका. आधी शेअर झालेले दुवे तुटतील.

पत्त्याला चिकटलेले शेपूट

फेसबुकवरून कुणी तुमच्या बातमीवर आला, की पत्त्याच्या शेवटी ‘एफबीसीएलआयडी’ नावाचे लांब शेपूट चिकटलेले असते. फेसबुक हे २०१८ पासून करते. प्रत्येक क्लिकला वेगळे शेपूट मिळते. आता या वाचकाने तुमच्या पानावरचे शेअर बटण दाबले आणि तुमच्या बटणाने ‘सध्याचा पत्ता’ जसाच्या तसा उचलला, तर ते शेपूट त्याच्या नात्यागोत्यात, ग्रुपमध्ये फिरत राहते. कोणी कोणाला पाठवले हे जोडण्याचा धागा आयता तयार होतो.

म्हणून बटणाने पानाचा ‘कॅनॉनिकल’ पत्ता, म्हणजे बातमीचा मूळ स्वच्छ पत्ता घ्यावा. ‘दुवा कॉपी करा’लाही हेच लागू. व्हॉट्सॲपवरून किती जण आले हे पाहायचे असेल तर सर्वांसाठी एकच ठरलेली खूण जोडा. प्रत्येक वाचकाला वेगळी खूण देणारी प्लगइन मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

साइट सांभाळणाऱ्याला हे सांगा:

- बाहेरच्या दुव्यांवर ‘नोओपनर’ आणि ‘नोरेफरर’ लावायचे.
- सगळ्या साइटचे ‘रेफरर पॉलिसी’चे सेटिंग असे ठेवायचे की बाहेर फार तर साइटचे नाव जाईल, बातमीचा पत्ता नाही.
- बटणांची चित्रे आपल्याच सर्व्हरवर ठेवायची.
- फॉण्टही आपल्याच सर्व्हरवर. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ खुल्या परवान्याचे आहेत, उतरवून ठेवायला कुणाची मनाई नाही. गुगलच्या सर्व्हरवरून फॉण्ट मागवल्याने वाचकाचा आयपी पत्ता तिकडे गेला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती.

‘आमच्या ग्रुपमध्ये सामील व्हा’ या बटणाचे काय?

शेअरच्या बटणापेक्षा मला याची काळजी अधिक वाटते. बातमीखाली ‘ताज्या बातम्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन करा’ हे हिरवे बटण आपल्याकडे सर्रास असते. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात आणि प्रत्येकाचा मोबाइल नंबर बाकी सर्वांना दिसतो. बातमी वाचायला आलेल्या मुलीचा नंबर हजार अनोळखी लोकांच्या हाती जातो. अशा ग्रुपमधून नंबर उचलून रात्री-अपरात्री मेसेज येतात, कर्ज देणाऱ्यांचे फोन येतात, हे कित्येक वाचक महिलांनी मला सांगितले आहे. आमंत्रणाचा दुवा साइटवर उघडा टाकलेला असतो, त्यामुळे ग्रुपमध्ये कोण येते यावर तुमचा ताबा राहत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये असे दुवे गुगलच्या शोधातही सापडत असल्याचे उघड झाले होते.

ग्रुपऐवजी व्हॉट्सॲप चॅनेल काढा. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. चॅनेल फॉलो करणाऱ्याचा नंबर बाकीच्यांना दिसत नाही, आणि त्याने तुमचा नंबर साठवलेला नसेल तरी चालते. आहे तो ग्रुप एकदम बंद करू नका. त्यात चॅनेलचा दुवा टाका, पंधरा दिवस रोज आठवण करा, मग फक्त ॲडमिनला लिहिता येईल असे सेटिंग करा, साइटवरचा आमंत्रणाचा दुवा रद्द करा आणि शेवटी ग्रुप मिटवा.

बातमीत बसवलेले व्हिडिओ आणि पोस्ट

मंत्र्यांची पोस्ट किंवा सभेचा व्हिडिओ बातमीत बसवला, की बटणासारखाच प्रकार होतो. यूट्यूबच्या एम्बेडमध्ये ‘प्रायव्हसी एन्हान्स्ड’ हा पर्याय आहे, त्यावर खूण करा. त्याहून चांगले म्हणजे आधी नुसते चित्र दाखवा आणि वाचकाने दाबल्यावरच व्हिडिओ उघडा. पान लवकर उघडते, गावाकडच्या नेटवर्कवर हा फरक लगेच जाणवतो. एखाद्याच्या पोस्टमधले दोन वाक्यांचे विधान असेल तर ते उद्धृत करून खाली साधा दुवा द्या.

शेअर झाल्यावर जे चित्र दिसते

दुव्याबरोबर दिसणारा मथळा आणि चित्र ‘ओपन ग्राफ’च्या टॅगमधून येते. व्हॉट्सॲपमध्ये ते पाठवणाऱ्याचा फोन स्वतः तुमच्या साइटवरून आणतो, फेसबुक मात्र आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवते. समजा, लैंगिक अत्याचाराच्या बातमीत चुकून पीडितेची ओळख पटेल असा तपशील मथळ्यात गेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार हा गुन्हा आहे. पीडित बालक असेल तर पोक्सोचे कलम २३ आहे. तुम्ही साइटवर दुरुस्ती केली तरी फेसबुकवर जुना मथळा दिसत राहतो. अशा वेळी फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’मध्ये बातमीचा दुवा टाकून ‘पुन्हा वाचा’ असा आदेश द्यावा लागतो. मजकुराची दुरुस्ती आणि हे काम एकाच माणसाकडे सोपवा.

कायदा काय मागतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ चा कायदा त्यानंतरचा. नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत; मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये सुरू होतात. तोवरचा वेळ घर आवरायला आहे.

साध्या दुव्यासाठी वेगळी संमती लागत नाही, असे माझे मत आहे. वाचकाने दाबेपर्यंत त्या बटणातून तुम्ही त्याची कोणतीही माहिती हाताळत नाही. विजेट, पिक्सेल किंवा नोंदणीचा फॉर्म ठेवणार असाल तर मात्र:

- कोणती माहिती, कशासाठी, हे आधी सांगावे लागते. ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय वाचकाला हवा. मराठी वाचकाला ती मराठीत द्या, तीही साध्या मराठीत.
- संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच खूण केलेला चौकोन चालत नाही. दिलेली संमती तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे.
- अठरा वर्षांखालील वाचकाच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना कायद्याची मनाई आहे. दहावी-बारावीच्या निकालाची, शिष्यवृत्तीची पाने तुमच्याकडे असतील तर तिथे विजेट बिलकूल नको.
- सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटी. छोट्या साइटला एवढा दंड होईल असे नाही, पण ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब चालणार नाही.

तुमचा वाचक तुम्हाला विचारू शकतो: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुणाला दिली, चुकीची असल्यास दुरुस्त करा, गरज उरली नसल्यास पुसा. तक्रारीसाठी कुणाशी बोलायचे हेही त्याला कळले पाहिजे. उत्तर मिळाले नाही तर तो डेटा संरक्षण मंडळाकडे जाऊ शकतो. साइटच्या तळाशी एका माणसाचे नाव आणि ईमेल लिहा, आणि तो ईमेल कुणीतरी खरोखर वाचतो आहे याची व्यवस्था करा.

वाचकांना सांगायची सूचना

बदल करून झाले, की शेअर बटणांजवळ एक छोटा दुवा ठेवा आणि त्यामागे असा काही मजकूर द्या. तुमच्या साइटवर जे खरे असेल तेवढेच लिहा:

‘ही बटणे साधे दुवे आहेत. तुम्ही ती दाबेपर्यंत कोणत्याही समाजमाध्यमाला तुमच्या वाचनाची माहिती आमच्या शेअर बटणांतून जात नाही. बटण दाबल्यावर तुम्ही त्या सेवेवर जाता आणि तिचे नियम लागू होतात. तुम्ही बातमी कुणाला पाठवली हे आम्हाला कळत नाही. या पानावरच्या जाहिराती आणि वाचकसंख्येची मोजणी यांची माहिती वेगळी दिली आहे.’

शेवटचे वाक्य गाळू नका. जाहिरातींमुळे माहिती जात असताना ‘आम्ही काहीही गोळा करत नाही’ असे लिहिणे वाचकाची फसवणूक आहे.

आणि थीम किंवा प्लगइन अपडेट झाले, की त्याच दिवशी गुप्त विंडो उघडून पुन्हा एफ-१२ दाबा. अपडेटबरोबर जुनी बटणांची पट्टी आपोआप चालू झालेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि बऱ्याचदा ती महिनोनमहिने कुणाच्या लक्षात आलेली नसते.